बोटीवर पंप आहे, पण तो पाणी काढतो का?

१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की बोटी पुन्हा दर्यात जातील. इंजिन, जाळी, डिझेल, बर्फ, सगळ्याचा हिशोब होतो. बुडात साचलेलं पाणी काढणाऱ्या पंपाची चौकशी मात्र "आहे ना? मग झालं" एवढ्यावर संपते. मंडळी, घोळ इथेच आहे.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर तो नळीतली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब पाणी फार तर १० मीटर चढवतो, मग पंप हजाराचा असो की लाखाचा. प्रत्यक्षात ६-७ मीटर मिळाले तरी पुष्कळ.

कोणी म्हणेल, आमच्या बोटीत दीड-दोन मीटरचाच तर प्रश्न आहे! बरोबर. पण वर बसवलेला साधा सेंट्रिफ्युगल पंप कोरडा असेल, तर तेवढंही उचलत नाही. पंखा हवेत नुसता गरगरतो. नळीला बारीक चीर असली तरी तेच. विहिरीवर मोटर चालवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं: आधी पंपात पाणी भरा, फूट व्हॉल्व्ह बघा.

पाण्यातच बुडून चालणाऱ्या पंपाला हा त्रास नाही. पण खोक्यावरचा "ताशी २००० लिटर" हा आकडा बहुतेक वेळा पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा असतो. पाच-सहा फूट उंची, अरुंद नळी, दोन-चार वळणं आणि उतरलेली बॅटरी धरा, तो आकडा बराच खाली येतो.

आता दुसरी बाजू. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर दोन इंची पाइप निसटला, तर तासाला सुमारे १३,००० लिटर पाणी आत येतं. तिथे छोटा पंप काय करणार? म्हणून प्रत्येक तोंडाजवळ दोरीने बांधलेला लाकडी गुडदा हवा, आणि बॅटरी गेली तर हातपंप हवा.

म्हणून मागणी साधी आहे. मासेमारी बोट असो की प्रवासी लाँच, तपासणीत पंप नुसता बघू नका. बुडात पाणी ओता, पंप चालवा, बाहेर बादली धरा आणि घड्याळ लावा. दहा मिनिटांचं काम आहे. मालकांनीही सरकारची वाट बघू नये. बोटीवर आपलीच माणसं असतात.