मैदानावर परतलेला खेळाडू आणि आपले प्रमाणपत्र

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, टाके निघाले, रुग्ण स्वतःच्या पायांनी दवाखान्याची पायरी उतरून गेला, की आपण वैद्यक व्यावसायिक समाधान मानतो. सामान्य रुग्णाच्या बाबतीत ते समाधान बहुतांशी योग्यही असते. परंतु ज्याचे नाव, उपजीविका आणि भवितव्य पायांच्या वेगावर अवलंबून आहे, अशा फुटबॉलपटूच्या बाबतीत खरा प्रश्न त्याच पायरीपासून सुरू होतो. तो मैदानावर परततो. पण त्याचा खेळ परततो का? स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नावर माझे मत व्यवसायबंधू आणि भगिनींसमोर मांडण्याची इच्छा आहे. त्यास माझा स्वतःचा एक अनुभव कारणीभूत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या दाजीबानपेठेतील एक विशीतला तरुण माझ्याकडे आला. पेठेतील अनेक घरांप्रमाणे त्याचेही आजोळ कोल्हापूरचे. हुबळीच्या मैदानांवर तयार झालेला हा मुलगा मामाच्या ओळखीने तेथील एका संघाकडून हंगाम खेळू लागला होता. उजव्या बगलेवरून चेंडू घेऊन धावणे ही त्याची खासियत. एका सामन्यात पाय जमिनीत रुतला, शरीर वळले आणि गुडघ्यातील ॲन्टीरिअर क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे आपण ज्याला एसीएल म्हणतो तो अस्थिबंध, तुटला. दूरबिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली. सहाव्या महिन्यात तो माझ्याकडे प्रमाणपत्रासाठी आला. ‘‘डॉक्टरकाका, हंगाम सुरू झालाय. आता उतरलो नाही तर जागा जाईल,’’ असे तो म्हणाला. मी गुडघा तपासला. सूज नव्हती, सांधा पूर्ण वाकत होता, अस्थिबंध घट्ट लागत होता. ‘खेळण्यास योग्य’ असे लिहून मी सही केली.

त्याचा गुडघा पुन्हा तुटला नाही. त्या अर्थाने माझे प्रमाणपत्र खोटे ठरले नाही. पण तो अर्धे पाऊल उशिरा पोहोचू लागला. प्रतिस्पर्ध्याला चकवून पुढे जाणारा मुलगा चेंडू मिळताच मागे देऊ लागला. हंगामाच्या शेवटी तो राखीव खेळाडूंत बसला आणि पुढच्या वर्षी त्याला बोलावणे आले नाही. एकदा त्याच्या वडिलांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, ऑपरेशन तर चांगलं झालं होतं ना?’’ त्या प्रश्नात तक्रार नव्हती, म्हणूनच तो मनात रुतून बसला.

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या घराची व्यथा समजेल. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही केवळ संघांची नावे नाहीत. त्या त्या पेठांची ती अस्मिता आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस पडतात. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशासाठी खेळला. तेव्हापासून घराघरांत फुटबॉलकडे व्यवसाय म्हणून पाहण्याची आशा जागली. परंतु मोठ्या व्यावसायिक संघाजवळ स्वतःचा डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि व्यायामतज्ज्ञ असतो. पेठेतल्या खेळाडूजवळ आपण असतो, तुमच्या-माझ्यासारखा गल्लीतला डॉक्टर. म्हणून आपल्या एका सहीचे वजन आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ अधिक आहे.

शास्त्र याबाबत काय सांगते? प्रत्यारोपित केलेला स्नायूबंध बसवल्याबरोबर अस्थिबंध होत नाही. प्रथम तो निर्जीव होतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, पेशी वस्ती करतात आणि हळूहळू त्याची रचना बदलते. ही प्रक्रिया वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ चालते. शिवाय मूळ अस्थिबंध हा नुसता दोर नव्हे. सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारे चेतातंतू त्यात असतात. ते तुटल्यावर गुडघा घट्ट झाला तरी ‘पाय कोठे आहे’ हे ज्ञान मंदावते. मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, दिसायला भरतो; पण त्याचे बळ मोजल्याशिवाय कळत नाही. आणि या सर्वांवर भीतीचे सावट असते. हे सारे आपल्या तपासणीच्या टेबलावर दिसत नाही. मैदानावर मात्र अर्ध्या पावलाच्या उशिराने दिसते.

युरोपातील फुटबॉल महासंघाने २००१ पासून आपल्या व्यावसायिक संघांतील दुखापतींचा अखंड अभ्यास चालविला आहे. एसीएल तुटलेल्या खेळाडूंविषयीचे त्यातील पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळजवळ सर्व खेळाडू वर्षभरात मैदानावर परतले होते. पण तीन वर्षांनंतर सर्वोच्च स्तरावर खेळत राहिलेले ६५ टक्केच होते. हे जगातील उत्तमोत्तम शल्यविशारदांचे आणि अद्ययावत व्यायामशाळांचे रुग्ण आहेत, हे लक्षात घ्यावे. परतणे आणि टिकणे यांतील अंतर या दोन आकड्यांत स्पष्ट दिसते. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे ठरलेल्या तज्ज्ञांच्या एकमताने परतीचे तीन टप्पे सांगितले: सरावात भाग घेणे, आपल्या खेळात परतणे आणि आपल्या पूर्वीच्या दर्जाला परतणे. आपले ‘खेळण्यास योग्य’ हे दोन शब्द या तिन्ही टप्प्यांची सरमिसळ करतात, आणि माझ्या हातून झालेली चूक नेमकी हीच होती.

ब्राझीलच्या रोनाल्डोचे उदाहरण आपणा सर्वांना आठवत असेल. १९९९ च्या नोव्हेंबरात इंटर मिलानकडून खेळताना त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालील स्नायूबंधास दुखापत झाली व शस्त्रक्रिया करावी लागली. पाच महिनेही पूर्ण झाले नव्हते तोच, १२ एप्रिल २००० रोजी तो लाझिओविरुद्ध मैदानात उतरला. अवघ्या काही मिनिटांत तोच स्नायूबंध पूर्ण तुटला. पुढे जवळजवळ दीड वर्ष गेले. त्यानंतर २००२ च्या विश्वचषकात त्याने ८ गोल केले आणि ब्राझीलने चषक जिंकला, हे खरे. परंतु १९९६-९७ साली बार्सिलोनाकडून अर्धे मैदान ओलांडून धावणारा तो रोनाल्डो आता गोलपेटीच्या आसपास राहून संधी टिपणारा खेळाडू झाला होता. प्रतिभा तीच होती, पण शरीराने खेळाची रीत बदलायला लावली होती. ज्याच्याजवळ एवढी प्रतिभा नाही, त्याला ही रीत बदलण्याची संधी कोण देणार?

कोणी म्हणेल, दुखापतीनंतर अधिक चांगले खेळलेले खेळाडूही आहेत. आहेतच. इंग्लंडच्या ॲलन शिअररचा एसीएल १९९२ च्या डिसेंबरात तुटला. १९९३-९४ च्या मोसमात त्याने प्रीमियर लीगमध्ये ३१ गोल केले आणि त्यापुढच्या मोसमात ३४. आपल्या संदेश झिंगन यांचा गुडघा २०१९ च्या ऑक्टोबरात दुखावला. २०१९-२० चा इंडियन सुपर लीगचा संपूर्ण मोसम त्यांना बाहेर बसावे लागले. परतल्यावर २०२०-२१ चा भारताचा सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू म्हणून त्यांचीच निवड झाली. या दोन्ही उदाहरणांत एक समान धागा आहे. चालू मोसमावर दोघांनाही पाणी सोडावे लागले. परतण्याची तारीख हंगामाने ठरवली नाही. अर्थात यालाही हमी म्हणता येत नाही. २०२४ च्या जानेवारीत आशिया चषकात सीरियाविरुद्ध खेळताना झिंगन यांना पुन्हा गुडघ्याच्या दुखापतीने गाठले. एकदा दुखावलेल्या खेळाडूवर पुढेही लक्ष ठेवावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेळाडूचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. त्यातले एक वर्ष आपण कोणत्या अधिकाराने मागावे? घरची परिस्थिती बेताची असताना ‘थांब’ म्हणणे डॉक्टरला सोपे आहे. हा आक्षेप मी नाकारीत नाही. शेवटचा निर्णय खेळाडूचाच असावा. परंतु निर्णय घेण्यासाठी त्याच्या हाती खरी माहिती द्यायला हवी, आणि ती देणे हे आपले कर्तव्य आहे. नॉर्वे आणि अमेरिकेतील संयुक्त अभ्यासात असे आढळले की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतीचा प्रत्येक महिना पुढे ढकलला, तर गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटते. कतारमधील व्यावसायिक खेळाडूंच्या पाहणीत ठरावीक कसोट्या पूर्ण न करता परतलेल्यांत प्रत्यारोपित अस्थिबंध तुटण्याचा धोका चौपट दिसला. हे आकडे त्या मुलाला मी सांगितले असते, तर कदाचित तो तरीही उतरला असता. पण तो निर्णय त्याने डोळे उघडे ठेवून घेतला असता.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, ‘खेळण्यास योग्य’ हे मोघम प्रमाणपत्र आपण देऊ नये. सराव, मर्यादित वेळेचा सामना आणि पूर्ण सामना असे टप्पे त्यात स्वतंत्रपणे लिहावेत. दुसरी, एसीएलच्या बाबतीत नऊ महिने आणि कसोटी या दोन्ही अटी असाव्यात. दुखऱ्या पायाचे बळ चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवे, आणि एका पायावरील उड्यांचे अंतरही तितकेच जुळायला हवे. त्यासाठी महागडे यंत्र नसले तरी मोजपट्टी प्रत्येकाजवळ आहे. खेळाडूला भीती वाटते का, हेही विचारावे. तो आपणहून सांगणार नाही. तिसरी, दुखापत होऊच नये म्हणून जागतिक फुटबॉल महासंघाने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा व्यायामक्रम आपल्या संस्थेने शहरातील मैदानांवर जाऊन शिकवावा. नियमित केल्यास दुखापती तीस टक्क्यांहून अधिक घटतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. त्याला लागतो तो एक चेंडू आणि थोडी शिस्त.

तो मुलगा आता वडिलांबरोबर दुकानात बसतो. भेटला की आदराने हात जोडतो. चालताना त्याच्या पायात कसलाही दोष दिसत नाही, आणि कोणत्याही नोंदवहीत त्याची गणना बऱ्या झालेल्या रुग्णांतच होईल. त्याच्या वडिलांच्या प्रश्नाला आज मी एवढेच उत्तर देऊ शकतो: होय, शस्त्रक्रिया चांगली झाली होती, घाई माझ्या सहीने केली. पुढच्या मुलाच्या कागदावर सही करण्यापूर्वी आपणांपैकी प्रत्येकाने मोजपट्टी हाती घ्यावी, एवढीच नम्र विनंती.