कारणांची एक्सेल शीट

रविवारी सकाळी अकरा वाजता माझी रूममेट लॅपटॉप उघडून बसली होती. मला वाटलं, बिचारी ऑफिसचं काम घरी घेऊन आलीय. चहा द्यायला गेले, तर स्क्रीनवर एक्सेल शीट. दोन कॉलम. पहिल्यात महिना, दुसऱ्यात 'मी काय केलं'.

'जानेवारी : त्याच्या मित्राच्या लग्नाला गेले नाही.' 'फेब्रुवारी : केस कापले.' 'मार्च : वजन दोन किलो वाढलं.' 'एप्रिल : फोनवर सारखं ऑफिसचंच बोलले.' अशा एकूण 23 ओळी!

झालं होतं असं, की तीन वर्षं ज्याच्याबरोबर ती होती, त्याने आदल्या आठवड्यात कॉफी पिता पिता सांगून टाकलं, "कारण असं काही नाही गं. पण आता पूर्वीसारखं वाटत नाही." दुसरी कुणी नाही, भांडण नाही, घरून विरोध नाही. (घरचे तर हॉल बघायला लागले होते!) आमच्या या मॅडमना क्लायंटचा सेल का पडला, हे शोधून काढायचा पगार मिळतो. त्यामुळे ग्राफ खाली आला म्हणजे कारण असणारच, आणि ते आपल्याच बाजूला असणार, हे तिने धरूनच चाललेलं.

ताज्या ब्रेकअपवाल्यांना फंडे देऊ नयेत, एवढं मला आता कळतं. मी चहा ठेवला आणि म्हटलं, "तुला चारशे वर्षांपूर्वीचं एक लफडं सांगू?"

शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' आपल्यापैकी बहुतेकांना एवढंच माहीत असतं, की त्यात पऱ्यांची राणी एका गाढवाच्या प्रेमात पडते. नाटक साधारण 1595-96 मधलं, छापलं गेलं 1600 साली. पण गाढवाच्या आधीची स्टोरी ऐका. अथेन्स शहर. हर्मियाचं लायसँडरवर प्रेम. तिच्या वडिलांना जावई हवा डिमिट्रियस. तिथला कायदा असा, की बापाचं ऐकलं नाही तर पोरीला मरण. राजा थिसियस जरा दयाळू, तो आणखी एक ऑप्शन देतो : जन्मभर बिनलग्नाची राहून मठात जा!

गंमत म्हणजे लायसँडर भर दरबारात सांगतो, की घराणं घ्या, पैसा घ्या, मी कशातच कमी नाही. दोघांचे बायोडेटा शेजारी ठेवले तर सेम टू सेम. इतके सेम, की बघताना आपलाही गोंधळ उडतो, यातला लायसँडर कोण आणि डिमिट्रियस कोण. तरी वडिलांना हाच हवा आणि मुलीला तोच हवा.

आता चौथी, हेलेना. हा डिमिट्रियस आधी हिच्या मागे होता. शपथा घेऊन झाल्या होत्या. मग त्याने हर्मियाला पाहिलं आणि विषय संपला. का? नाटकात कारण दिलेलंच नाही. लक्षात घ्या, पऱ्या आणि जादू अजून यायच्या आहेत. हे जे पहिलं मन फिरलं, ते साध्या दिवसाउजेडी, शुद्धीत असताना फिरलं.

आणि हेलेना काय करते? सुरुवातीला ती म्हणते, अख्खं अथेन्स मला हर्मियाइतकीच सुंदर समजतं. पुढच्या अंकात, जंगलात त्याच्यामागे धावून धावून दमल्यावर हीच बाई म्हणते, की मी अस्वलासारखी कुरूप आहे, जनावरंसुद्धा मला बघून पळतात. एका रात्रीत! चेहरा तोच आहे हो. फक्त 'त्याला नको आहे' ही एकच नोंद वाढलीय, आणि बाकीचा हिशेब तिने स्वतःच भरून टाकलाय.

रूममेटने लॅपटॉप अर्धा मिटला. "पुढे?"

पुढे खरी धमाल. हर्मिया आणि लायसँडर जंगलात पळून येतात. त्यांच्या मागे डिमिट्रियस, त्याच्या मागे हेलेना. त्याच जंगलात पऱ्यांचा राजा ओबेरॉन आणि राणी टायटानिया यांचं कडाक्याचं भांडण चाललेलं. कशावरून? एका हिंदुस्थानी मुलावरून! त्याची आई टायटानियाची भक्त, बाळंतपणात गेलेली. राणी म्हणते मी त्याला वाढवणार, राजा म्हणतो मला दे. (आपलं कनेक्शन इथेच संपत नाही. टिम सपल या ब्रिटिश दिग्दर्शकाने 2006 साली हे नाटक भारतीय आणि श्रीलंकन कलाकारांना घेऊन केलं, अनेक भाषांत एकदम, त्यात मराठीही होती. भारतात प्रयोग करून ते थेट शेक्सपिअरच्या गावात, स्ट्रॅटफर्डला गेलं.)

राणीला धडा शिकवायला ओबेरॉन एक फूल मागवतो. मदनाचा बाण चुकून पडल्याने पांढऱ्याचं जांभळं झालेलं फूल. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो रिकामपणातलं प्रेम. टाइमपास म्हणा ना! त्याचा रस झोपलेल्या डोळ्यांवर टाकायचा, उठल्यावर जे पहिलं दिसेल त्याच्यावर जीव जडणार. ओबेरॉन हेलेनाची दया येऊन आपल्या पक नावाच्या चेल्याला सांगतो, अथेन्सचे कपडे घातलेला एक पोरगा आहे, त्याच्याही डोळ्यांत टाक. आता जंगलात असे पोरगे दोन. पक बिचारा नको त्याला, लायसँडरला, रस घालतो. लायसँडर उठतो, समोर हेलेना. खलास!

पण माझी सगळ्यात आवडती जागा यानंतरची. डोळ्यांत रस पडलेला हा प्राणी हेलेनाला म्हणतो काय, तर माझी बुद्धीच मला सांगतेय की तू जास्त योग्य आहेस, आधी मी कच्चा होतो, आता मॅच्युअर झालो! ज्या क्षणी डोकं सगळ्यात कमी चालतंय, नेमकं तेव्हाच तो लॉजिक मांडतो. "मी खूप विचार केला" असं सांगून कटलेले सगळे हिरो मला इथे आठवतात.

मग चूक सुधारायला डिमिट्रियसच्याही डोळ्यांत रस. आता दोघंही हेलेनाच्या मागे. आणि हेलेना खूश? अजिबात नाही. तिला वाटतं, सगळे मिळून माझी टिंगल करतायत. अस्वलावर कोण प्रेम करणार?

आणि हर्मिया! काल रात्री जिच्यासाठी लायसँडर घरदार सोडून निघाला होता, तिला आता तो झिडकारतोय. ती आधी विचारते, मी हर्मियाच ना, तू लायसँडरच ना, मी कालच्याइतकीच छान दिसतेय ना? मग काय बदललं? उत्तर मिळत नाही. माणसाला उत्तर मिळालं नाही की ते स्वतःच बनवतं. हर्मिया बनवते. तिला एकदम क्लिक होतं : उंची! मी बुटकी आणि ही उंच, म्हणून मला सोडलं! आणि ती हेलेनाचे डोळे ओरबाडायला धावते.

या सीनला प्रेक्षक हसून लोळतात. कारण आपल्याला खरं काय ते माहीत असतं. उंचीचा काही संबंध नाही बाई, त्याच्या डोळ्यांत थेंब पडलेत!

रूममेट हसली. मग गप्प झाली. "माझ्या लिस्टमध्ये उंची नाहीये," ती म्हणाली. "वजन आहे."

"बघ ना."

"आणि ते गाढव?"

ते गाढव म्हणजे बॉटम, एक विणकर. राजाच्या लग्नात हौशी नाटक बसवणाऱ्या कारागिरांपैकी एक. पक त्याला गाढवाचं डोकं लावतो आणि रस घातलेली टायटानिया नेमकी त्याला बघते. ती प्रेम व्यक्त करते, तेव्हा हा शांतपणे म्हणतो, की तुझ्याकडे तसं काही कारण नाही, पण हल्ली अक्कल आणि प्रेम यांचं फारसं येणंजाणं नसतंच. अख्ख्या नाटकात हे कळलेला हा एकटाच! राणीने जीव लावला तर 'मीच का' विचारत नाही, डोकं खाजवून घेतो, चारा मागतो. सकाळी राणी नाही, महाल नाही. तरी 'माझं काय चुकलं' म्हणत बसत नाही. काय विलक्षण स्वप्न पडलं, यावर एक गाणं करून घ्यायला हवं म्हणतो आणि मित्रांकडे जातो. नाटकाची वेळ झालेली असते.

शेवटी लायसँडरच्या डोळ्यांवर उतारा टाकतात, तो हर्मियाकडे परत. पण डिमिट्रियसला उतारा देतच नाहीत. त्याच थेंबांसकट तो हेलेनाशी लग्न करतो.

"म्हणजे तो अजून तसाच?" रूममेट ताडकन उठून बसली. "हा कसला हॅपी एंड?"

मलाही हा प्रश्न बरीच वर्षं छळत होता. आता वाटतं, शेक्सपिअरने गेम फेअर ठेवलाय. प्रेम गेलं त्याला कारण नव्हतं, परत आलं त्यालाही नाही. मी तिला विचारलं, "तीन वर्षांपूर्वी तू त्याला का आवडलीस?"

"लोहगडच्या ट्रेकला माझी चप्पल तुटली. मी हसत सुटले होते, तेव्हा म्हणे."

"त्याची शीट केली होतीस? तुटकी चप्पल, हा परफॉर्मन्स मानून?"

ती काही बोलली नाही.

याचा अर्थ सगळ्यांना सगळं माफ, असा नाही हं. मन फिरणं हातात नसेल, पण वागणं असतं. डिमिट्रियस जंगलात हेलेनाला जनावरांच्या तोंडी सोडून जायची धमकी देतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांत एकही थेंब नसतो. ते सगळं त्याचं स्वतःचं. आणि हेलेना म्हणते, मला कुत्र्यासारखं वागव, पण मागे येऊ दे. तिचं प्रेम समजू शकतं, पण हे करायचं नाही. पुन्हा थेंब पडतील म्हणून जंगलात मुक्काम ठोकायचा नाही. आपल्याकडे पक नाही, आणि असला तरी तो कुणाच्या डोळ्यांत घालेल याची गॅरंटी नाही.

तुमच्याही लॅपटॉपमध्ये, किंवा डोक्यात, अशी एखादी शीट असेल. ऑफिसात कारणं शोधायची सवय चांगली, अप्रेझलला उपयोगी पडते. पण 'पूर्वीसारखं वाटत नाही' याचं कारण स्वतःच्या वजनात, केसांत, उंचीत शोधू नका. सापडणार नाही. आणि सापडलं असं वाटलं, तर ते हर्मियाला सापडलं तसंच असेल.

रूममेटने फाइल डिलीट केली का? नाही. तशी ती ऐकणाऱ्यांतली नाही. पण संध्याकाळी पार्लरमधून आली, तर केस फेब्रुवारीपेक्षाही दोन इंच आखूड.

"मला तेव्हाच एवढे हवे होते," म्हणाली. "त्याला आवडणार नाहीत म्हणून थोडे ठेवले होते."