चहाची नव्हे, ‘चाय’ची पाटी

हो ची मिन्ह शहरातल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी रोमन अक्षरांत ‘चाय’ अशी पाटी दिसली की मराठी पर्यटकाचे डोळे लकाकतात. चहा मिळेल या आशेने तो आत डोकावतो, भाताची ताटं पाहतो आणि परत फिरतो. मग पुढच्या चौकातल्या फोच्या दुकानात बसून ‘व्हेज, ओन्ली व्हेज’ असं तीनतीनदा बजावतो. दुकानदारीण मान डोलावते, मांसाचे काप इमानेइतबारे बाजूला काढते आणि नूडल्सचा वाफाळता वाडगा समोर ठेवते. तिच्या बाजूने काहीच चुकलेलं नसतं. वाडग्यात मांसाचा तुकडा औषधालाही सापडत नाही. रस्सा तेवढा रात्रभर गायीच्या हाडांवर उकळलेला असतो.

परत आल्यावर हीच मंडळी सांगतात, ‘देश सुंदर, पण शाकाहाऱ्यांचे हाल हो!’

२०२४ साली सुमारे ५ लाख भारतीय व्हिएतनामला जाऊन आले. मुंबईहून थेट विमान आहे, खर्च युरोपच्या मानाने किरकोळ. सहल कंपन्यांच्या जाहिरातीत हा लाँग बेच्या फोटोखाली ‘रोज भारतीय शाकाहारी जेवण’ हे वाक्य ठळक अक्षरांत असतं. त्याचा अर्थ असा, की हनोईत पनीर बटर मसाला, दा नांगला पनीर बटर मसाला आणि शेवटच्या रात्री, निरोपाचं म्हणून, पुन्हा पनीर. पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असतेच. दशम्यांशी कोणाचं भांडण नाही. पण जगातल्या सर्वांत जुन्या, चोख शाकाहारी स्वयंपाकांपैकी एक ज्या देशात रोज शिजतो, तिथे जाऊन पनीर खात बसणं याला करंटेपणाच म्हणावं लागेल.

‘चाय’ म्हणजे बौद्ध परंपरेचं व्रताचं जेवण. शब्द चिनी भाषेतून आला, मूळ अर्थ संयम, व्रत. भिक्षू बारा महिने असं जेवतात. सामान्य माणूस चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, चाय पाळतो. आपल्या महिन्याच्या दोन एकादश्यांशी हे इतकं जुळतं की पंढरीच्या वारकऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागू नये. १९२६ साली ताय निन प्रांतात स्थापन झालेल्या काओ दाई पंथाचे अनुयायी तर महिन्यातले ६ किंवा १० दिवस पाळतात. गंमत अशी, की २०१९च्या जनगणनेत साडेनऊ कोटींहून अधिक लोकसंख्येपैकी बौद्ध म्हणून नोंद झाली ती जेमतेम ४६ लाखांची. पण पौर्णिमेला चायच्या दुकानासमोर लागलेल्या स्कूटरच्या रांगा पाहिल्या तर हा आकडा खरा वाटत नाही. कागदावर धर्म न लिहिणारेही त्या दिवशी मासळीला हात लावत नाहीत. घराघरात पूर्वजांचं देवघर असतं, ते असतंच.

कर्मठ चाय स्वयंपाकघरात पाच उग्र पदार्थ वर्ज्य. कांदा, लसूण आणि त्यांच्या जातकुळीतल्या दोन पाती हे चार. पाचवा आपला हिंग! व्हिएतनाममध्ये हिंग पिकत नाही, कोणी वापरतही नाही. पण नियम भारतातून ग्रंथांबरोबर चीनमार्गे गेला आणि यादीत हिंगाचं नाव राहून गेलं. आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण सुटतं तेव्हा आमटीचा सगळा भार हिंगावर पडतो. तिकडे त्यालाच बंदी. सगळी दुकानं इतकी सोवळी नसतात हेही खरं. दक्षिणेत लीकची पात फोडणीला सर्रास पडते, आणि गाजर, मुळा, अळंबी तर जागोजाग असल्यामुळे जैन मंडळींना ‘चाय’ एवढ्या एका शब्दावर विसंबून चालणार नाही.

चायचं साधं दुकान म्हणजे ‘कम चाय’. कम म्हणजे भात. दुपारी साडेअकराला काचेच्या कपाटामागे पंधरा-वीस स्टीलचे ट्रे भरलेले असतात. मेनूकार्ड नाही, इंग्रजी नाही, बोट दाखवायचं. भाताच्या ढिगावर मालकीण एकेक पळी टाकत जाते: मिरी घालून आटवलेला टोफू, टोमॅटोच्या रसातला तळलेला टोफू, कडू कारल्याच्या नळीत भरलेलं सारण, कोवळ्या फणसाचे मऊ शिजलेले तुकडे. सोबत वाटीभर पातळ पालेभाजीचं पाणी, ते सूप म्हणून प्यायचं. बाजूला केळफूल बारीक चिरून, लिंबू पिळून, वर दाण्याचा भरड कूट घातलेली कोशिंबीर. कोकणात ज्याने कुयरीची भाजी आणि केळफूल खाल्लंय त्याला इथे परकं वाटायचं कारण नाही. टेबलावर एक बरणी असते, तीळ, दाणे आणि मीठ खडबडीत कुटून भरलेली. भातावर घेऊन कालवायची. सोलापूरच्या माणसाला बरणी उघडताच घरचा वास येईल. तिखट मात्र शेजारच्या वाटीतल्या लाल मिरचीतून स्वतः घालून घ्यावं लागेल. या सगळ्याचे साधारण ३० ते ४० हजार डोंग. आकडा पाहून छाती दडपते, पण होतात शंभर-सव्वाशे रुपये.

खरी अडचण दुसऱ्याच ट्रेमध्ये असते. तिथे मासा दिसतो, बदकाची तंगडी दिसते, हॅमच्या चकत्या दिसतात. टोफूची साय गुंडाळून, गव्हाच्या ग्लुटेनला आकार देऊन बनवलेलं हे रूप इतकं हुबेहूब असतं की मराठी शाकाहारी माणूस ताट सोडून उठतो. माशावर समुद्रशेवाळाचं कातडं असतं, त्यामुळे वासही तसाच. ‘खायचं नाही तर सोंग कशाला?’ हा प्रश्न हमखास निघतो. पण उपवासाची कचोरी, उपवासाचा डोसा, उपवासाचं थालीपीठ करणाऱ्या समाजाने तो विचारू नये. श्राद्धाचं किंवा पाहुण्यांचं पान नेहमीसारखं भरलेलं दिसावं, एवढाच त्यामागचा हेतू. चवीला यातलं बरंचसं रबरी असतं, हे मात्र कबूल करायला हवं. त्यापेक्षा फणस घ्यावा.

पूर्वीची राजधानी हुए हे या स्वयंपाकाचं माहेर. न्गुयेन राजांचं हे शहर पॅगोडांनी भरलेलं आहे, आणि तिथल्या मठांनी चायला राजवाड्यातला नेटकेपणा दिला. जगभर ध्यानाचे धडे देणारे थिच न्यात हान्ह हुएचेच. २०१८ साली ते तिथल्या तू हिएउ मठात परतले आणि जानेवारी २०२२मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला.

आता चाय नसलेल्या साध्या दुकानांविषयी. तिथे शाकाहाऱ्याने घासाघीस करूच नये. व्हिएतनामी स्वयंपाकातलं मीठ म्हणजे नुओक माम: मासळी आणि मीठ लाकडी पिंपांत वर्षभर मुरवून काढलेला अर्क. फू क्वोक बेटाचा सर्वांत नावाजलेला. भाजी परतताना तो पडतो, चटणीत पडतो, कोशिंबिरीत पडतो. तांदळाच्या पापडीत गुंडाळलेले कच्च्या भाज्यांचे रोल दिसायला पूर्ण निर्दोष; बुडवायची वाटी मासळीची. वर डुकराच्या हाडांच्या अर्काची चवपूड आहेच. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका पाहायची सवय. तिथे तो नाही. अशा दुकानातल्या स्वयंपाकीणबाईला ‘मांस नको’ सांगितलं तर ती मांस देत नाही, आणि मासळीच्या पाण्याला ती मांस समजत नाही, जसं आपण मिठाला भाजी समजत नाही. तिच्याकडे वेगळी कढई मागणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि पोटाची फसवणूक.

चायच्या दुकानात मात्र फोसुद्धा मिळतो. रश्श्यात मुळा, गाजर, उसाचे तुकडे, सुकी अळंबी, दालचिनी आणि चक्रीफूल. हे चक्रीफूल ओळखीचंच. चीनच्या सीमेजवळच्या लांग सोनच्या डोंगरांत ते पिकतं आणि व्हिएतनामी चक्रीफुलाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक भारत आहे. गोड्या मसाल्यात पडतं तेच हे.

उच्चाराची एक गोम लक्षात ठेवावी. ‘चाय’ सपाट सुरात म्हणायचं, ‘चा’ थोडा आखूड. सूर चढला तर अर्थ ‘जळणं’ होतो, खाली दाबला तर ‘पळणं’. ‘मी पळणं खातो’ ऐकून दुकानदारीण हसते, पण ताट योग्य तेच देते. तेही जमत नसेल तर फोनवर शब्द लिहून दाखवावा.

सहल कंपन्यांनी सात दिवसांत निदान दोन जेवणं अशा दुकानांत ठेवावीत. ती त्यांनाही स्वस्तच पडतील. आणि स्वतःच्या स्वतः जाणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय चाळावं. पौर्णिमेच्या आसपास तिकडच्या बाजारात एरवी मासळीचा रस्सा विकणाऱ्या गाडीवरही ‘आज चाय’ असा पुठ्ठा लटकलेला असतो.