मांडवाला पैसा मिळतो, वहीला मिळत नाही



मी बँकेत कारकून आहे. कॉमर्स शिकलो, त्यामुळे मोठ्या राजकीय गोष्टींवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण संपादक मंडळ म्हणाले, "तुम्ही काउंटरवर बसता, तिथून जे दिसते ते लिहा." म्हणून हे लिहितो आहे.

पोळ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दोन वयस्क गृहस्थ काउंटरवर आले. प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले एक पासबुक. आपल्याच भागातल्या एका मराठी मंडळाचे. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितले तर बाकीच्या मंडळांना वाटेल की हे आपल्याबद्दल नाही. "भाऊ, गणपती तोंडावर आला, मंडळाचे पैसे काढाचे हायेत," एक काका म्हणाले. पासबुकातली शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची. खाते तिघांच्या नावे, त्यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या लागतात. अध्यक्ष वारले. सचिव मुलाकडे पुण्याला गेले, ते आता कोणाला ओळखत नाहीत. कोषाध्यक्ष माझ्या समोर उभे. सही एकच, म्हणजे व्यवहार शून्य.

दोन वर्षे खातेदाराने काही उलाढाल केली नाही की खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे तसेच राहिले की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीत जाते. हा निधी २०१४ पासून आहे. पैसे बुडत नाहीत, हक्कदाराला परत मागता येतात. पण हक्कदार कोण, हे कागदाने सांगावे लागते. मी काकांना यादी दिली: मंडळाचे नोंदणी प्रमाणपत्र, नियमावली, पॅन, नवी कार्यकारिणी निवडल्याचा ठराव आणि नव्या सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रे. त्यांनी यादी वाचली आणि विचारले, "ठराव लिहाचा कशात? रजिस्टर तं अध्यक्षाच्या घरी होतं. घर रंगवलं तेव्हा रद्दीत गेलं म्हनतात."

ते दोघे वर्गणी मागायला बाहेर पडले. मंडळाचे स्वतःचे पैसे बँकेत असताना.

यात मी स्वतःला शहाणा समजत नाही. मीही एका मंडळाचा चार वर्षे कोषाध्यक्ष होतो. दिवसभर बँकेत पै-पैचा मेळ बसवायचा आणि संध्याकाळी मंडळाचा हिशेब डायरीच्या मागच्या पानावर लिहायचा, असा माझा कारभार. अध्यक्षांच्या कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ठेवायचो, कारण ते शेतावर असायचे. पैशाची अफरातफर झाली नाही, पण झाली असती तर ती सापडली नसती. मी पद सोडले तेव्हा नव्या कोषाध्यक्षाला जे दिले त्याला हिशेब म्हणणे कठीण आहे.

आता मुद्द्याचे. आपल्या मंडळांना पैसाच मिळत नाही, ही तक्रार अर्धी खरी आहे. पैसा येतो, पण तो मांडवाला येतो. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो. त्याच्या नियमांत सभागृह, रस्ता, शेड अशा टिकाऊ मत्ता बसतात. पगार, कार्यालय खर्च, हिशेब तपासणी बसत नाही. मोठ्या साहित्य संमेलनाला महाराष्ट्र शासन आता २ कोटींपर्यंत अनुदान देते, चांगलेच आहे, पण ते तीन दिवसांचे असते. भोपाळची मराठी साहित्य अकादमी राज्याच्या संस्कृती परिषदेत आहे, तिच्याकडून कार्यक्रम मिळतात. गावातले दानशूर लोक भंडाऱ्याला, मूर्तीला, साउंडला मोकळ्या हाताने देतात. मात्र "मंडळाच्या ऑडिटसाठी ५ हजार द्या" असे म्हणून बघा. मी म्हणून बघितले आहे. लोक हसतात.

दुसरीकडे कायदा दरवर्षी एक पायरी उंच होतो आहे. मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि कलम २८ प्रमाणे तपासलेला हिशेब पंजीयकाकडे द्यायचा असतो. किती मंडळांनी तो दिला, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे. आयकरातली धर्मादाय नोंदणी, जिला आपण अजून १२ए म्हणतो, पूर्वी एकदा मिळाली की कायमची होती. २०२१ पासून ती मुदतीची झाली, नूतनीकरण चुकले की गेली. ८०जीची पावती द्यायची तर देणगीदारांचे विवरणही भरावे लागते. कंपनी कायदा २०१३ खाली मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, हे सर्वांना पाठ आहे. बोरगावचे औद्योगिक क्षेत्र आपल्या सौसर तहसीलमध्येच आहे, म्हणून आम्ही तिघे-चौघे मोठ्या आशेने एका कारखान्याच्या साहेबांकडे वाचनालयासाठी गेलो होतो. त्यांनी चहा पाजला आणि विचारले, "आपका सीएसआर-१ नंबर?" एप्रिल २०२१ पासून हा नंबर असल्याशिवाय कोणत्याही संस्थेला असा पैसा घेता येत नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. साहेबांची चूक नव्हती.

गंमत अशी की २०१४ च्या मूळ सीएसआर नियमांत, काम करणाऱ्या संस्थांची क्षमता वाढवण्यासाठी कंपनीने ५ टक्क्यांपर्यंत खर्च करावा, अशी सोय होती. म्हणजे सरकारलाही कळले होते की संस्था मजबूत नसेल तर तिच्या हातात दिलेला पैसा मुरत नाही. आमच्या भागात त्या तरतुदीचा कोणी उपयोग केल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

इथे थोडे लांबचे उदाहरण देतो. ते आपल्याला लागू पडते म्हणून देतो. अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांतून आलेल्या समाजाबद्दल आपण फक्त 'सीमा ओलांडून आलेले' एवढेच ऐकतो. पण त्यांतली कित्येक घराणी कुठूनही आलेली नाहीत. कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको हा मुलूख १८४८ पर्यंत मेक्सिकोत होता. तह झाला, माणसे जागेवरच राहिली आणि देश बदलला. आपल्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ ला आपली राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले, आपली राजधानी भोपाळ झाली, आणि सौसर-पांढुर्ण्याचे घर, शेत, संत्र्याची बाग, भाषा सगळे जिथल्या तिथे होते.

तर त्या लॅटिनो समाजाची २०२० च्या जनगणनेत संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे देशाच्या १८.७ टक्के. पण मोठ्या धर्मादाय प्रतिष्ठानांच्या दानातला त्यांच्या संस्थांचा वाटा जेमतेम एक-दीड टक्का, असे तिथले अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. कारण विचारले की उत्तर तेच: तुमच्या संस्था लहान आहेत, हिशेब नीट नाहीत, पैसा कसा द्यायचा? आणि पैसा नाही म्हणून हिशेबनीस नाही. १९८३ साली सुरू झालेल्या 'हिस्पॅनिक्स इन फिलान्थ्रॉपी' या संस्थेने २००० च्या सुमारास हे चक्र तोडायला हात घातला. अनेक देणगीदारांचा एकत्र निधी केला आणि छोट्या संस्थांना मेळाव्यासाठी नव्हे, तर कार्यकारिणीचे प्रशिक्षण, हिशेबाची पद्धत, निधी उभारण्याची आखणी यांसाठी अनुदान दिले. अट मला फार आवडली: गावच्या देणगीदारांनी पैसे घालावेत, त्याला वरच्या निधीची जोड मिळेल. त्याने सगळे सुधारले असा माझा दावा नाही. पण संस्थेचा कणा हाही दान देण्याचा विषय असतो, एवढे तिथे मान्य झाले. आपल्याकडे अजून तेही व्हायचे आहे.

आपण कोणाकडे मागायचे? यावर आपल्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, मायभाषेचे राज्य महाराष्ट्र, तेच देईल. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मराठी भाषा धोरण मंजूर केले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद आहे. पण खरे बोलायचे तर मुंबईच्या नकाशात सीमाभाग म्हणजे कर्नाटकातली ८६५ गावे. त्यांचे दुःख मोठे आहे, त्याविषयी दुमत नाही. आपण त्या यादीत नाही आणि आपला तंटाही नाही. त्यामुळे मुंबईने आपणहून आठवण काढावी, अशी वाट बघण्यात अर्थ नाही. मागायचे तर लेखी, आकड्यासह मागावे.

मला दुसरी बाजू अधिक पटते. आपण मध्यप्रदेशचे नागरिक, कर इथे भरतो, मत इथे देतो. घटनेचे कलम २९ प्रत्येक समाजाला आपली भाषा जपण्याचा हक्क देते आणि ते कोणत्याही एका राज्यापुरते नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आले. आता कलेक्टर साहेब छिंदवाड्याला नाहीत, हाकेच्या अंतरावर आहेत. जामसांवलीला ऑगस्ट २०२३ मध्ये हनुमान लोकचे भूमिपूजन झाले. झोपलेल्या हनुमंताच्या दर्शनाला नागपूर, वर्धा, अमरावतीकडून माणसे येतातच, पुढे आणखी येतील. त्यांच्यासाठी फलक कोणत्या भाषेत लागणार, पुस्तकालय झाले तर त्यात मराठी पुस्तके असणार का, स्थानिक संस्थांना काही काम मिळाले तर ते कोणाला, हे सगळे ठरेल. तेव्हा टेबलावर कागद मागतील. ज्याची नोंदणी चालू आणि तीन वर्षांचे ऑडिट हातात, तो खुर्चीवर बसेल. आपण मंदिराच्या पायरीवर बसून 'हा आमचा भाग' म्हणत राहू. देशाला एरवी आपले नाव वर्षातून एकदा कळते, गोटमारीच्या दगडांमुळे. एखादे वर्ष तरी दुसऱ्या कारणाने कळावे.

माझा हिशेब साधा आहे. समजा दहा मंडळे एकत्र आली. सगळ्यांत मिळून एक अर्धवेळ हिशेबनीस, महिना १२ हजार, वर्षाचे १ लाख ४४ हजार. आपल्या समाजात बी.कॉम. झालेल्या मुली घरी बसल्या आहेत, त्यांतली एखादी हे काम उत्तम करेल. ऑडिट प्रत्येकी ५ हजार, ५० हजार झाले. पहिल्या वर्षी जुने पंजीयन, थकलेली विवरणे, नियमावलीच्या नकला यांसाठी प्रत्येकी १० हजार, म्हणजे १ लाख. पहिल्या वर्षाचे २ लाख ९४ हजार, पुढच्या दोन वर्षांचे १ लाख ९४ हजार प्रत्येकी. तीन वर्षांचे ६ लाख ८२ हजार. एका सभागृहाचे छत यात होत नाही. यातला अर्धा भाग आपण वर्गणीतून घालू आणि अर्धा राज्याने द्यावा, अशी मागणी करावी.

यावर जुन्या घराण्यांतून येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझ्याच घरात आहे. आमचे बाबा म्हणतात, "वाडवडिलांनी संत्री विकून संस्था उभ्या केल्या, सरकारपुढे हात नाही पसरला." खरे आहे. पण बाबांच्या वेळी संस्था चालवायला एक वही आणि चार शब्दाला जागणारी माणसे पुरत होती. माणसे आजही आहेत. वही पुरत नाही. दुसरा आक्षेप असा की सरकारी पैसा आला की पुढारी येतो आणि मग मंडळात गट पडतात. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण तो अनुभवाचा आहे. म्हणूनच अर्धा वाटा आपला असावा, म्हणूनच हिशेब दर तीन महिन्यांनी याच पत्रिकेत छापावा आणि म्हणूनच हिशेबनीस कोणा एका मंडळाचा नोकर नसावा. इतके करूनही गट पडले तर पडोत. निदान कोणत्या गटाने किती खर्च केला ते कळेल.

राहता राहिले ते दोन काका. कोषाध्यक्षांना मी म्हटले, रजिस्टर गेले तर जाऊ द्या, पंजीयक कार्यालयातून नोंदणीची आणि नियमावलीची प्रमाणित नक्कल मागवा, नियमाप्रमाणे नोटीस काढून सर्वसाधारण सभा घ्या, नवीन रजिस्टरात पहिल्या पानावर ठराव लिहा. सभेला गणपूर्ती व्हावी म्हणून ते आता जुन्या सभासदांची नावे आठवून आठवून लिहीत आहेत. अकरा झाली आहेत.

समाजाच्या येत्या वार्षिक सभेत दहा मंडळांच्या सामाईक हिशेबनिसाचा आणि राज्याकडे करायच्या मागणीचा ठराव मी मांडणार आहे. विरोध करायचा असेल त्यांनीही जरूर यावे. प्रत्येक मंडळाने आपले पासबुक सोबत आणावे, शेवटची नोंद कितीही जुनी असो. आणि पदाधिकाऱ्यांनी पॅन व आधारची झेरॉक्स विसरू नये.