अंगठा म्हणजे संमती नव्हे

बिहारमधील अररिया जिल्ह्यात ७ जानेवारी २०१२ च्या रात्री एका सरकारी शाळेत कुटुंबनियोजनाचे शिबिर भरले. एकाच शल्यचिकित्सकाने विजेरीच्या उजेडात अवघ्या दोन तासांत ५३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या. तिचे धोके व परिणाम या स्त्रियांना समजावून देण्यात आलेच नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयातील याचिकेत मांडण्यात आले.

देविका बिस्वास यांच्या या याचिकेवर १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल लागला. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत, माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत द्यावी, ती तिला समजली आहे असे डॉक्टरने सहीनिशी प्रमाणित करावे आणि फेरविचारासाठी तिला सुमारे तासाभराची उसंत द्यावी, असे न्यायालयाने फर्मावले. ‘सांगितले’ एवढ्यावर न थांबता ‘समजले’ याचीही जबाबदारी या निकालाने डॉक्टरवर टाकली.

परंतु प्रमाणपत्र हाही अखेर कागदच. त्यावर ठसा उमटवून घेणे मुळीच अवघड नाही. ‘समजले ना?’ असे साहेबाने दरडावून विचारल्यावर शेतमजूर स्त्री ‘हो’ म्हणते. ते आकलन नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांचा धाक आहे. खरी कसोटी एकच: शस्त्रक्रिया कोणती, तिच्यानंतर पुन्हा मूल होईल काय, कोणता त्रास झाल्यास तातडीने परत यायचे, हे तिने स्वतःच्या शब्दांत सांगावे. तिला सांगता आले नाही तर दोष तिच्या निरक्षरतेचा नव्हे, समजावणाऱ्याचा. त्याने पुन्हा समजावले पाहिजे.

यासाठी वेळ लागतो, आणि गरिबांच्या वाट्याला नेमका तोच येत नाही. नसबंदीची लक्ष्ये १९९६ साली कागदोपत्री रद्द झाली; आकडे भरण्याची नोकरशाही वृत्ती मात्र रद्द झाली नाही. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या आशा सेविकेला नसबंदीच्या प्रत्येक ‘केस’मागे पैसे मिळतात, सल्ला देऊन एखादी स्त्री परत फिरली तर काहीच नाही. दोष त्या सेविकेचा नव्हे, तिला अशा रीतीने राबविणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

म्हणून आशा सेविकांना नियमित वेतन मिळाले पाहिजे, रुग्णालयांतील रिक्त पदे भरली पाहिजेत आणि रुग्णांची भाषा बोलणारे प्रशिक्षित समुपदेशक नेमले पाहिजेत. कष्टकऱ्यांच्या संघटनांनी या मागण्या आरोग्याच्या लढ्यात अग्रभागी ठेवाव्यात. स्वतःच्या देहाविषयीचा निर्णय समजून घेण्याचा हक्क ही कोणाची मेहेरबानी नव्हे.