आपल्या माणसाला आपणच सांगावं

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्यात ९०० माणसं मेली. मुंबईच्या उंबऱ्यावरची भिवंडी मात्र शांत राहिली. १९७० आणि १९८४च्या दंगलींत होरपळलेलं, यंत्रमागांचं, दाटीवाटीचं हे गाव. पेटायला आणखी काय लागतं?

ते पेटलं नाही याचं बरंचसं श्रेय मोहल्ला समित्यांना जातं. तिथले तेव्हाचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून त्या वस्तीवस्तीत उभ्या केल्या. त्यांच्यानंतर आलेल्या गुलाबराव पोळांनी त्या चालू ठेवल्या. पुढाऱ्यांच्या शांतता समित्या आपल्याकडे पूर्वीही होत्याच, बहुतेक दंगल होऊन गेल्यावर बसणाऱ्या. खोपड्यांनी साधी माणसं घेतली. त्याच वस्तीतले हिंदू, त्याच वस्तीतले मुसलमान आणि तिथला पोलीस. किरकोळ भांडणं, रोजच्या तक्रारी तिथेच मिटवायच्या. हे शहाणपण मला फार मोठं वाटतं. ज्या शेजाऱ्याबरोबर बसून आपण एखादं भांडण सोडवलंय, त्याच्याविषयी रात्री कुणी येऊन सांगितलं की ‘त्यांनी तलवारी जमवल्यात’, तर आपण निदान विचारतो, ‘कुणी पाहिल्या?’

अफवा नेहमी आपल्याच माणसाच्या तोंडून येते. म्हणून ती अडवायचीही आपल्यातल्यानेच. समोरच्या समाजातला माणूस कितीही कळवळून बोलला, तरी त्या क्षणी त्याचं कोण ऐकतं? आणि अडवायची तीही वेळीच.

१ जुलै १९४६ रोजी अहमदाबादेतल्या दंगलीत वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे काँग्रेस सेवादलातले दोन मित्र भडकलेल्या जमावापुढे उभे राहिले. दोघेही मारले गेले. त्यांच्यापुढे मान झुकते. पण जमाव रस्त्यावर उतरल्यावर बोलणाऱ्याला जीव द्यावा लागतो, आणि तोच शब्द आठ दिवस आधी कट्ट्यावर बोलायला फार तर थोडा वाईटपणा घ्यावा लागतो. तेवढाही आपण घेत नाही, याचं मला दुःख होतं.

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर आला : अमुक समाजाच्या भाजीवाल्यांकडून काही घेऊ नका. बराच वेळ सगळे गप्प. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, ‘आपला भाजीवाला इतकी वर्षं येतोय. माझे गुडघे दुखतात म्हणून पिशवी वर आणून देतो. मी त्याच्याकडूनच घेणार. आणि असलं इथे टाकू नका.’ त्याखाली मी लिहिलं, मग आणखी दोघांनी. टाकणाऱ्याने मजकूर काढला नाही, पण तसं पुन्हा काही टाकलेलंही नाही. फाटकाबाहेर गाड्या नि हातगाड्या कुठे उभ्या करायच्या यावरून आमच्याकडे कायम कुरबुर असते. पुढच्या बैठकीला भाजीवाल्यालाही बोलवा, असं काकूंनी आता सुचवलंय. माझं अनुमोदन मी सेक्रेटरींना लेखी दिलं आहे.