हिरव्या कॅम्पसची पावती कोणाच्या नावावर?

जून-जुलै आला की आपल्याकडच्या कॉलेजांत दोन गोष्टी सुरू होतात. एक प्रवेशाची रांग आणि दुसरी वृक्षारोपण. पहिल्या ठिकाणी आपली पोरं पैसे भरतात, दुसऱ्या ठिकाणी खड्डे खणतात. फोटोत मात्र रोप हातात धरून उभे असतात ते संस्थेचे पदाधिकारी. झाड जगलं की संस्थेचं, वाळलं की विद्यार्थ्यांच्या हलगर्जीपणाचं!

मुद्दा झाडांच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मुद्दा हिशोबाचा आहे आणि हक्काचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करा असे सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीला हा विषय आणला. प्रोजेक्टची फाइल आपण सगळ्यांनीच कुठून तरी उतरवून दिलेली आहे. शिवाय नॅक आहेच. नॅकच्या सातव्या निकषात कॅम्पस किती हिरवा आहे, सोलर आहे का, पावसाचे पाणी जिरवता का, कचऱ्याचे काय करता, ग्रीन ऑडिट झाले का, हे सगळे विचारले जाते. विचारले पाहिजेच. पण श्रेणी मिळवण्यासाठी जे उभे करायचे, त्याचा पैसा आणि घाम कुठून येतो, हे कोण विचारणार? म्हणून आपण चार साधे प्रश्न विचारू. पैसा कोणाचा? श्रम कोणाचे? निर्णय कोणाचा? आणि नाव कोणाचे?

पैसा

आमच्या भागातली मुलं शिकायला श्रीरामपूर, कोपरगाव, राहाता, लोणीला जातात. त्यांच्यासोबत शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना मी पावत्या पाहतो. एका कॉलेजच्या पावतीवर, नाव घेत नाही, ट्यूशन फीच्या खाली 'पर्यावरण निधी' असा शिक्का होता. किती झाडं, कुठला सोलर, कोणाला विचारून, यातले काहीच त्या पोरांना माहीत नव्हते. "सगळेच भरतात, सर" एवढेच उत्तर.

रक्कम लहान असते, हे मान्य. पण ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो त्याला ती लहान. ज्याची आई कांदा लागवडीला रोजाने जाते त्याला ती आईची रोजंदारी आहे. आणि भारत सरकार शिष्यवृत्तीत किंवा फ्रीशिपमध्ये परत मिळते ती मंजूर शुल्काची रक्कम. त्याबाहेर घेतलेले पैसे कोणीही परत करत नाही. म्हणजे ज्या विद्यार्थ्याचे शिक्षण फुकट आहे असे आपण म्हणतो, तोच वरचे पैसे रोख मोजतो.

ही शिष्यवृत्ती कुठून आली ते विसरू नका. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारने दरवर्षी पैसा द्यावा ही मागणी होती. त्यातून १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पैशाअभावी आपला मुलगा कॉलेजच्या दारातून परत फिरू नये, हा तिच्यामागचा विचार. त्या दारावर आज हिरवा रंग लावून नवी पेटी ठेवली जात असेल, तर ती उघडून पाहणे आपले काम आहे.

श्रम

विद्यार्थ्यांनी श्रम करून शिकणे ही महाराष्ट्राची मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग सुरू केले. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवली, एकत्र राबली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. तिथे श्रम सगळ्यांना होते. ब्राह्मणाच्या पोरालाही आणि महाराच्या पोरालाही. श्रमाला लागलेला जातीचा डाग पुसण्यासाठी ते श्रम होते.

आज 'कमवा व शिका' योजनेत बागेला पाणी कोण घालतं ते कोणत्याही कॉलेजात जाऊन बघा. ज्याला मेसचे पैसे भरायचे आहेत तो घालतो. ज्याच्या बापाची गाडी गेटवर सोडायला येते, तो त्याच बागेत बसून सेल्फी काढतो. योजना वाईट नाही, त्या तासाच्या मानधनावर आपल्या कित्येकांची डिग्री झाली. पण भाऊरावांच्या आवारात सगळे राबत होते आणि आज गरजू राबतात, हा फरक लपवून चालणार नाही.

कचऱ्याचे तर विचारूच नका. ओला-सुका वेगळा करण्याचे डबे छान रंगवलेले असतात. ते भरल्यावर उचलतं कोण, कंपोस्टच्या खड्ड्यात उतरतं कोण? कंत्राटी सफाई कामगार, आणि त्याची जात बहुतेक वेळा ठरलेली. हातमोजे, गमबूट, वेळेवर पगार, आजारपणाची रजा यांचा उल्लेख ग्रीन ऑडिटमध्ये आहे का, हे तपासा. ज्या कॅम्पसमध्ये स्वच्छता जातीच्या माथी मारलेली आहे, तो कॅम्पस हिरवा म्हणायचा कसा?

"हा आपला विषय नाही"

आता आपल्याच पोरांशी बोलतो. पर्यावरण म्हटले की आपल्यातले बरेच जण हसतात. आरक्षण, नोकरभरती, अत्याचार हे सोडून झाडांच्या मागे कुठे लागायचं? हे रिकामटेकड्यांचे उद्योग!

मित्रांनो, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला कशासाठी गेले होते? पाण्यासाठी. माणूस म्हणून सार्वजनिक तळ्यावर हक्क सांगण्यासाठी. मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेत, देशाच्या पाणी आणि वीज धोरणात त्यांनी लक्ष घातले. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खणल्या आणि शिलालेखात नोंदवले की हे माणसांसाठी आणि जनावरांसाठी आहे. आपला वारसा असा आहे आणि आपण हा विषय दुसऱ्यांना आंदण देऊन बसलो.

उन्हाचा तडाखा कोणाला बसतो? उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याला, वीटभट्टीवाल्याला, पत्र्याच्या खोलीत अभ्यास करणाऱ्याला. वरच्या धरणांतून गोदावरीला पाणी सोडले की आधी कोणाची वस्ती हलवावी लागते? जी नदीकाठच्या सखल जागेवर ढकलली गेली तिची. आणि टँकर आला की शेवटी कोणाचा हंडा भरतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

गायरानाचे उदाहरण घ्या. आपल्या भूमिहीन माणसांनी गायरान कसायला घेतले, त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वात लोक तुरुंगात गेले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय झाला, तरी कित्येकांच्या हातात आजही कागद नाही. राज्यात २०१६ पासून कोटींच्या वृक्षलागवडीच्या मोहिमा निघाल्या. २०१९ चे लक्ष्य तर ३३ कोटींचे. जागा शोधताना 'पडीक' म्हणून पहिले बोट गायरानाकडे जाते. उद्या तुमचे रासेयोचे शिबिर गायरानावर झाडे लावायला गेले, तर ती जमीन कोण कसतंय हे खड्डा खणण्याआधी विचारा. आपल्याच हाताने आपल्याच चुलत्याच्या बाजरीत रोप लावायची वेळ येऊ नये. हे विचारणारा माणूस शिबिरात असायचा तर आपण त्या विषयात असले पाहिजे. बाहेर उभे राहून हसणाऱ्याला कोणी विचारत नाही.

मग पैसे द्यायचे की नाही?

एक मत असे आहे की विद्यार्थ्याने एक रुपयाही देऊ नये, सगळे सरकारने करावे. सक्तीच्या बाबतीत मी या मताचा आहे. १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्यानुसार मंजूर शुल्काच्या वर पैसे उकळणे हा गुन्हा आहे. पण विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवून निधी उभारला, तर त्याला माझा विरोध नाही. आपली चळवळ वर्गणीवरच उभी राहिली आहे. आणि वर्गणीचा आपला नियम काय? जयंती झाली की जमा-खर्चाचा कागद विहाराच्या भिंतीवर लागतो. दहा रुपये देणारी आजीही विचारते, "डीजेला एवढे कसे गेले रे?" जो देतो तो विचारतो. कॉलेजला हाच नियम लावा.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा आणि बर्कली कॅम्पसमध्ये २००६-०७ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी मतदान करून स्वतःवर छोटा हरित निधी बसवून घेतला. पैसे कशावर खर्चायचे ते ठरवणाऱ्या समितीत विद्यार्थ्यांचे बहुमत. ठराविक वर्षांनी निधी चालू ठेवायचा का, यावर पुन्हा मतदान. आणि जमा रकमेतला एक हिस्सा गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीकडे वळवलेला. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही, पण तत्त्व घेण्यासारखे आहे. आधी मत, मग पैसा.

आपल्याकडे मत द्यायचे कुठे? कॉलेजांतल्या थेट निवडणुका १९९४ पासून बंद. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणल्या, २०१९ मध्ये जाहीरही झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे पैसे घ्यायला विद्यार्थी सज्ञान आणि मत द्यायला अज्ञान!

पण नुसत्या बहुमताने भागत नाही, हे पुणतांब्याला वेगळे सांगायची गरज नाही. २०१७ च्या शेतकरी संपाचा ठराव इथल्या ग्रामसभेत झाला, म्हणून त्याला वजन आले आणि सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. पण कर्जमाफी झाली ती ज्याच्या नावावर कर्ज होते त्याची. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या शेतमजुराची मजुरी त्या ठरावामागे राहून गेली. सगळे मिळून ठरवतात तेव्हाही सगळ्यात खालचा सुटू शकतो. म्हणून त्याची जागा आधीच लिहून ठेवावी लागते. बाबासाहेबांनी संविधानात तेच केले.

तेव्हा या प्रवेशाच्या हंगामात आपल्या मागण्या अशा असाव्यात:

१. मंजूर नसलेला कोणताही हरित निधी सक्तीने घेऊ नये. घेतला असेल तर परत करावा.

२. ऐच्छिक निधी विद्यार्थ्यांच्या मतदानानेच सुरू व्हावा. शिष्यवृत्तीधारकांना त्यातून पूर्ण सूट.

३. निधीच्या समितीत विद्यार्थ्यांचे बहुमत. त्यात अनुसूचित जाती-जमाती, मुली आणि वसतिगृहातील विद्यार्थी यांच्या जागा ठरलेल्या.

४. दर सहामाहीला जमा-खर्च सूचना फलकावर.

५. पहिला खर्च माणसांवर. वसतिगृहात पिण्याचे शुद्ध पाणी, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणि पॅडची विल्हेवाट, अभ्यासिकेला सोलरचे दिवे, सायकलने येणाऱ्यांसाठी सावलीचा स्टँड, सफाई कामगारांना साधने. कारंजे आणि लॉन नंतर.

६. बागकाम आणि कचरा वर्गीकरण यांची पाळी सगळ्या विद्यार्थ्यांना, प्राध्यापकांनाही.

हिशोब कोणी देत नसेल तर अनुदानित कॉलेजला माहितीचा अधिकार लागू आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. एकट्याने नको, पाच जणांनी पाच अर्ज टाका, म्हणजे एकाला केबिनमध्ये बोलावून दम देता येत नाही. आधी आपापली पावती काढा आणि प्रत्येक ओळ वाचा. ज्या ओळीचा अर्थ कळत नाही, तिच्याखाली पेनाने रेघ मारा आणि ऑफिसच्या खिडकीत विचारा.

जय भीम!